आठचा आकडा जमेल, आधी ब्रेक शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, राहायला सातपूर कॉलनीत, नोकरी अंबडला. सायकल चांगली येते, मैत्रिणीची अ‍ॅक्टिव्हा कॉलनीतल्या कॉलनीत फिरवून झाली आहे, लायसन मात्र कुठलंच नाही. घरात मोठ्या भावाची बुलेट उभी असते, तीच घेऊन गिअरचं लायसन काढायचंय. आठच्या आकड्याची धास्ती आहे आणि द्वारका चौकाची त्याहून जास्त. अकरावीतल्या धाकट्या भावालाही सोबतच लायसन काढून द्यावं का? आणि लायसन हातात आल्यावर आईला मागे बसवून वणीच्या गडावर जायचंय, ते कधी जमेल?

नाशिकमध्ये बरीच वर्षं दुचाकी शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

धाकट्याचं आधी निकालात काढू, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं हे खरं, पण ते पालकांच्या संमतीने आणि ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतं. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीची आहे. म्हणजे ते लायसन खिशात ठेवून अ‍ॅक्टिव्हा चालवणं हे विनापरवाना चालवणंच झालं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. कॉलेज रोडला क्लास सुटायच्या वेळी ट्रिपलसीट जाणारी पोरं पाहिली की त्यांच्या आईवडिलांना हे कलम कुणी वाचून दाखवलंय का, असं दरवेळी वाटतं.

आता तुमचं. कागदोपत्री भाग लोक सांगतात तेवढा किचकट राहिलेला नाही. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते, महाराष्ट्रात ही सोय जून २०२१पासून आहे. १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. चिन्हांची एक खूण लक्षात ठेवली तर निम्मं काम होतं: गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, निळी चौकोनी म्हणजे माहिती. तुम्ही चाळिशीच्या आत आहात, त्यामुळे डॉक्टरचा दाखला लागणार नाही, तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं. फक्त अर्जात वर्ग नीट निवडा, ‘विथ गिअर’. गिअरचं लायसन असलं की बिनगिअरची गाडीही त्यावर चालते, उलटं चालत नाही. घाईत ‘विदाउट गिअर’वर टिचकी मारून मग पुन्हा सगळा खटाटोप करणारे खूप भेटतात.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची चाचणी देता येत नाही. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या तीस दिवसांबद्दल. बहुतेक लोक हा महिना नुसता वाट बघण्यात घालवतात आणि शेवटच्या रविवारी कुणाची तरी गाडी मागून आणून आठ गिरवतात. चाचणी पासही होतात. पण चाचणीत तपासलं जातं ते मोकळ्या जागेतलं संथ चालवणं, आणि रस्त्यावर आपटायला होतं ते ब्रेक न आल्यामुळे. ब्रेक शिकायला हाच महिना आहे.

या महिन्यात गाडीला पुढे आणि मागे एलची पाटी हवी, पांढऱ्यावर लाल. नियमात तिचं मापही दिलंय: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. बोटभर स्टिकर चालत नाही. मागे बसवायचं तर फक्त पक्कं लायसन असलेल्या शिकवणाऱ्याला. मैत्रीण नाही, आई तर नाहीच. हा नियम बारीकसारीक वाटतो, पण विम्याच्या पॉलिसीत लर्निंगवाल्याला संरक्षण मिळतं ते याच अटी पाळल्या तर. धडक बसल्यावर कंपनी आधी हेच बघते.

भावाची बुलेट सध्या सोडा. गाडी वाईट आहे म्हणून सांगत नाही. ती दोनशे किलोच्या घरात जाते, आणि शिकताना गाडी कलंडणार हे गृहीत धरायचं असतं. स्प्लेंडरसारखी ११० किलोच्या आसपासची गाडी कलंडली तर तुम्ही ती एकट्याने उचलू शकता आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा सुरू करू शकता. बुलेट कलंडली की चार माणसं गोळा होतात आणि पाचवा सल्ला देतो. त्यानंतर शिकायचा मूड राहत नाही. उंचीची काळजी असेल तर बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे टेकले तरी भागतं, अख्खं पाऊल टेकायलाच हवं असं नाही.

गिअरबद्दल एक बारीक गोष्ट. स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. ज्या गाडीवर शिकाल, चाचणीला तीच न्या. चाचणीच्या सकाळी शेजाऱ्याची चकाचक नवी गाडी नेणारे हमखास तिसऱ्याऐवजी पहिल्यात येऊन गचका खातात.

शिकायला सुरुवात गाडी चालवण्यापासून करू नका, क्लचपासून करा. सपाट जागा शोधा. सातपूर एमआयडीसीतले आतले रस्ते कंपन्यांना सुट्टी असते तेव्हा रिकामे असतात, तिथे उत्तम. गाडी सुरू करा, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच पूर्ण आत, पहिला गिअर. आता रेस अजिबात न देता डाव्या हाताची बोटं इतकी हळू सोडा की तुम्हालाच कंटाळा यावा. एका जागी इंजिनाचा आवाज बसका होतो, सीटखाली हलकी थरथर जाणवते आणि गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. तिथेच थांबा. पुन्हा क्लच आत घ्या. पुन्हा सोडा. हीच हाफ क्लचची जागा. प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि ती बोटांना कळावी लागते, डोक्याला कळून उपयोग नाही. डोळे मिटून ती जागा सापडली की गाडी बंद पडायची थांबते आणि झटके मारायची पण थांबते. मग रेस द्यायला घ्या, आधी नको.

आठचा आकडा म्हणजे याच हाफ क्लचची परीक्षा आहे, म्हणून त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. पहिला गिअर, क्लच अर्धा, रेस एका जागी धरलेली, आणि वेग आवरायला मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. सगळ्यात महत्त्वाची मान. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. आठ काढताना पाय टेकणारे बहुतेक जण पुढच्या चाकाकडे बघत असतात. वळणात शिरायच्या आधीच वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे मान फिरवा, खांद्यासकट फिरवा. सायकलवर आठ काढून बघा, मानेचं गणित तिथेच कळेल.

आपलं आरटीओ पंचवटीत पेठ रोडला आहे. चाचणीच्या दिवशी मूळ लर्निंग, गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी घेऊन जा, हेल्मेट घालूनच ट्रॅकवर जा आणि वळताना इंडिकेटर द्या. रिकाम्या ट्रॅकवर इंडिकेटर कशाला, असं मनात येतं. निरीक्षक तेच बघत असतात. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. तारीख मात्र महिना पूर्ण व्हायच्या सुमारास लगेच बघून ठेवा. आणि एजंट? अर्ज भरायला मदत हवी असेल तर जरूर घ्या, तो त्यांचा धंदा आहे. चाचणी न देता लायसन मिळवून देतो म्हणाला तर उठून या. पुढचं वाचलंत की का ते कळेल.

तर ब्रेक. सायकलवरून आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते: पुढचा ब्रेक मारला की उलटी कोलांटी. त्यामुळे माणसं आयुष्यभर फक्त मागचा ब्रेक वापरतात. ब्रेक लागला की गाडीचा सगळा भार पुढे येतो. पुढचं चाक रस्त्याला दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकावर ब्रेक कितीही जोरात दाबा, ते लॉक होऊन फरफटतं आणि गाडीचं ढुंगण बाजूला निघतं. गाडी थांबवतो तो पुढचा ब्रेक. मागचा गाडी सरळ ठेवायला. हिशोबही बघा. ताशी ४० ने जाताना एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, ६० ने जाताना जवळपास १७. समोर कुत्रं आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेलेला असतो. त्यानंतर फक्त मागच्या ब्रेकवर विसंबलात तर थांबायला लागणारं अंतर कुठच्या कुठे जातं.

सराव असा करा. कोरडा, सरळ, वाळू नसलेला रस्ता. चुन्याने आडवी रेघ मारा. आधी ताशी २० ने या, रेघेवर आलात की हँडल सरळ ठेवून पुढचा ब्रेक लिंबू पिळतो तसा दाबा. आधी हलका, गाडीचं तोंड खाली बसल्याचं जाणवलं की मग जोर. लिंबाला कुणी हिसका देत नाही. सोबत मागचा हलका. नजर समोर, क्लच अगदी शेवटी. कुठे थांबलात तिथे दुसरी रेघ मारा. रोज ही दुसरी रेघ पहिलीच्या जवळ यायला हवी. २० नीट जमल्यावर ३०, मग ४०. पुढचं चाक लॉक झाल्यासारखं वाटलं तर लगेच बोटं सैल करा. तुमची गाडी १२५ सीसीच्या वरची असेल तर तिला एबीएस असेल, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. त्याखालच्या नव्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एप्रिल २०१९पासून हे सक्तीचं आहे. तरी घरातली जुनी गाडी वापरणार असाल तर यातलं काहीच नसेल, सगळी भिस्त बोटांवर. मी शिकवायला घेतलेल्यांना या रेघांचा भयंकर कंटाळा येतो. येऊ द्या.

द्वारकेबद्दल. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड तिथे एकमेकांत शिरतात, वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी आणि पायी माणसं, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही सातपूरहून अंबडला जाणार. तुमच्या रोजच्या वाटेवर द्वारका येतच नाही! तुमचा खरा रस्ता सातपूर-अंबड लिंक रोड, आणि त्याची भीती तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेली नाही. तिथे कंटेनर आणि डंपर असतात, डांबरावर खडी सांडलेली असते, आणि शिफ्ट सुटली की शेकडो दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. पहिले काही आठवडे शिफ्टच्या अर्धा तास आधी निघा.

मोठ्या गाडीचं एक लक्षात ठेवा. कंटेनर चौकात उभा असताना त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या जरा मागे, एक दुचाकी मावेल एवढी जागा दिसते आणि सगळे तिथे घुसतात. ड्रायव्हरला नेमकी तीच जागा दिसत नाही. त्याने डावीकडे वळवलं की पुढचा भाग आधी सरळ पुढे जातो आणि मागची चाकं आत कापत येतात, फुटपाथच्या कडेपर्यंत. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा, कुणी हॉर्न वाजवला तरी.

संध्याकाळी त्र्यंबक रोडने सातपूरकडे परतताना सूर्य बरोबर डोळ्यांत येतो. समोरून येणारा तुम्हाला दिसत नाही आणि खड्डाही दिसत नाही. हेल्मेटला काळी व्हायजर नको, कारण अंधार पडला की तिचाच त्रास. स्वच्छ काच आणि कमी वेग. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदकाम चालू असतं, काल होता तो रस्ता आज असेलच असं नाही. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास गाडी बाहेर काढू नका. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे व चेंबरची झाकणं साबणासारखी होतात. आणि जानेवारीत, संक्रांतीच्या आधीपासून, गळ्याला जाड मफलर किंवा नेक गार्ड लावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी तो आडवा येतोच. उड्डाणपुलावर आणि नदीवरच्या पुलांवर तो बरोबर गळ्याच्या उंचीला लोंबकळतो. त्या दिवसांत वेग तीसच्या वर नको.

हेल्मेटवर नाशिककरांना वेगळं सांगायला नको, १५ ऑगस्ट २०२१पासून इथे ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ची मोहीम झाली होती. पंपावर मागच्या माणसाचं हेल्मेट दोन मिनिटांसाठी मागून घेणारे महाभाग तेव्हाच बघायला मिळाले. तुम्ही आयएसआय शिक्का असलेलं घ्या, पण शिक्क्यापेक्षा माप महत्त्वाचं. घालून पट्टा लावा आणि हेल्मेट मागून वर उचलून पुढे काढायचा प्रयत्न करा. निघालं तर मोठं आहे. खाली स्कार्फच्या तीन घड्या बांधून घातलेलं हेल्मेट डोक्यावर बसत नाही, स्कार्फवर बसतं. पातळ सुती कापडाची एकच घडी घ्या. ओढणीची दोन्ही टोकं कुर्त्यात किंवा जॅकेटच्या आत खोचा. चेनमध्ये अडकलेली ओढणी माणसाला मागे खेचते.

आता वणी. सातपूरहून गंगापूर रोड, मखमलाबाद करत दिंडोरी रोडला लागलात की तिथेही द्वारका नाही. अंतर साठेक किलोमीटर. रस्ता बरा, पण द्राक्षं आणि टोमॅटोच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना मागे लाल दिवा नसतो. म्हणून परतीचा प्रवास दिवस मावळायच्या आत. पक्कं लायसन आल्यानंतर आधी दिंडोरीपर्यंत एकट्याने जाऊन या, मग आईला घेऊन गंगापूर धरणापर्यंत. मागे माणूस बसलं की गाडी वेगळीच होते: ब्रेकला अंतर जास्त लागतं, वळणातून गाडी उशिरा सरळ होते, आणि आईने घाबरून वळणाच्या उलट बाजूला अंग टाकलं तर हँडल हातात राहत नाही. आईला दोनच गोष्टी सांगा. तुमच्या खांद्याऐवजी कमरेला धरायचं, आणि वळणावर तुमच्याच खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघायचं. साडी नेसून एका बाजूला बसणार असतील तर गाडीला साडीगार्ड आणि पायाला टेकू हवाच. शक्य असेल तर पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. मागच्या टायरची हवा डबलसीटसाठी वेगळी असते, आकडा चेनकव्हरवरच्या किंवा सीटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

नांदुरीपासून गडापर्यंत दहा किलोमीटरचा घाट आहे. चढताना दुसरा गिअर ठेवा. उतरतानाही दुसराच. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांच्या नादी लागू नका. तसं केलं तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खालच्या वळणांवर दाबून दाबून हात दुखतो तरी गाडी ओढत राहते. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीनेच जावं लागतं. पहिल्या खेपेला घाट नको वाटला तर एरवीही गाडी नांदुरीत लावून आईसोबत एसटीने वर जा, गड तोच आहे.